सहलीची वही

२०२६ चे कॅलेंडर हातात आले आणि आम्ही मंडळी लाल आकडे मोजायला बसलो. मे महिन्याच्या पानावर आमच्या रिक्षावाल्या मित्राने कपाळाला हात लावला. "भाऊ, बुद्धपौर्णिमा आणि महाराष्ट्र दिन एकाच तारखेला! एक सुट्टी बुडाली की." खरेच होते. १ मे, शुक्रवार, दोन्ही एकत्र. वास्तविक रिक्षावाल्याला कसली आली सुट्टी? पण दुःख आमच्यापेक्षा त्यालाच जास्त झाले. मी म्हटले, अरे, पुढे शनिवार-रविवार आहे. सलग तीन दिवस मिळतात. पोरांच्या परीक्षा संपलेल्या असतील. अजिंठा-वेरूळ करू.

'अजिंठा-वेरूळ' हा शब्द निघाला आणि सगळे गप्प झाले. का गप्प झाले ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

आमचा कंपू म्हणजे कल्याणच्या एकाच वस्तीतली पाच घरे. एक रिक्षावाला, एक रेल्वे वर्कशॉपमधला फिटर, एक शिवणकाम करणारी ताई, एक इस्पितळात कंत्राटावर सफाईचे काम करणारा मित्र आणि पाचवा मी, कारकून. २०१८ साली थंडीत आम्ही हीच सहल काढली होती. ठरवणारा मीच होतो आणि दोन चुका केल्या. पहिली चूक सगळ्यांना पाठ आहे. अजिंठ्याला आम्ही सोमवारी गेलो आणि अजिंठा सोमवारी बंद असतो. शंभर किलोमीटर जाऊन कुलूप बघून आलो. (वेरूळ मंगळवारी बंद असते. वाचकांनी हे दोन वार भिंतीवर लिहून ठेवावेत.) या चुकीवर आजही हसतात, मीही हसतो.

दुसऱ्या चुकीवर कोणी हसत नाही. भाड्याची जीप ठरवली आणि घरटी पाच हजार रुपये आठ दिवसांत जमा करा म्हणून सांगितले. सफाईवाला मित्र म्हणाला, "आईला बरं नाही, आम्हाला जमणार नाही." आम्ही चार घरे गेलो. परत आल्यावर त्याच्या आईला भेटायला म्हणून फळे घेऊन गेलो, तर म्हातारी नळावर धुणे धूत बसलेली. ठणठणीत. म्हणाली, "मला काय झालंय बाबांनो?" मित्राने मान खाली घातली. फळांची पिशवी उंबऱ्याशी ठेवून आम्ही चहा प्यालो आणि उठलो. त्या चहाची चव अजून गेलेली नाही.

म्हणून या खेपेला मी आधी वही काढली, गाडीचे नंतर बघितले. ६ डिसेंबरनंतरचा पहिला रविवार, म्हणजे ७ डिसेंबर २०२५. तिथपासून २६ एप्रिलपर्यंत २१ रविवार होतात. दर रविवारी मोठ्या माणसाचे १०० आणि मुलाचे ५०. मोठी दहा, मुले चार. मोठ्याचे २,१०० आणि सगळे मिळून २५,२०० रुपये. वही माझ्याकडे, पैसे ताईकडे. पैसा आणि वही एका हातात ठेवू नये, एवढे मी बी.कॉम.ला नक्की शिकलो. ज्या रविवारी ज्याला जमले नाही त्याच्या रकान्यात नुसते टिंब. कारण विचारायचे नाही, वही मोठ्याने वाचायची नाही.

मग शहराचे ठरवायला बसलो. २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, तरी आमच्या तोंडात अजून औरंगाबादच येते. फिटरला वाटायचे की तिथे फक्त लेणी आहेत, शहर म्हणजे उतरायची जागा. मी त्याला मलिक अंबरची गोष्ट सांगितली. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा वजीर होतो आणि १६१० साली खडकी नावाचे शहर वसवतो. तेच पुढचे औरंगाबाद. जमिनीखालून नहर काढून त्याने गावात पाणी आणले. फिटर म्हणाला, "विकलेल्या माणसानं शहर बांधलं? मग ते आधी बघू."

शुक्रवारचा प्रश्न नाजूक होता. पौर्णिमेच्या दिवशी आपले विहार सोडून कसे जायचे? खिरीचे वाटप कोण बघणार? ताईने उत्तर दिले, "वंदना तिथल्या बुद्ध लेण्यात घेऊ. खीर इथली पोरं बघतील, शिकू देत." तेव्हा ठरले असे. गुरुवारी ३० एप्रिलला रात्री कल्याणहून देवगिरी एक्सप्रेस, पहाटे स्टेशनवर. हात-तोंड धुऊन, पांढरे कपडे घालून, ऊन चढायच्या आत डोंगरावर. बीबी का मकबऱ्याच्या मागे ही लेणी आहेत, बारा. अजिंठा-वेरूळच्या नावाखाली ती झाकली जातात, पर्यटकांच्या गाड्या क्वचितच तिकडे वळतात. सातव्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत. कोणाभोवती आग, कोणापुढे तलवार, कोणी बेड्यांत, कोणाचे जहाज बुडते आहे, कोणावर हत्ती धावून येतो आहे. व्यापाऱ्यांच्या वाटेवरची ही लेणी. ज्याला उद्या रस्त्याला लागायचे आहे त्याची सगळी भीती एका भिंतीवर मांडली आहे. हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही, ती बोट दाखवून एकेक संकट मोजतात.

मेमध्ये तिथे पारा चाळिसाच्या वर जातो. म्हणून बारा ते चार खोलीतच. हा नियम मी लाल शाईने लिहिला आहे. संध्याकाळी नागसेनवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० साली इथे सुरू केले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली. मिलिंद हे नाव प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे आणि नागसेन हे त्याला उत्तर देणाऱ्या भिक्खूचे. सुट्टीत वर्ग बंद असतील, तरी झाडांखाली बसता येईल. तिथून विद्यापीठाचे गेट. नामांतरासाठी १९७९ च्या लाँग मार्चला गेलेली माणसे आमच्या वस्तीत आहेत. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा मी शाळेत होतो, वस्तीत पेढे वाटले गेले ते आठवते.

मकबरा उतरत्या उन्हात बघू. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ती कबर. ताजमहालाची नक्कल म्हणून लोक नाक मुरडतात, मला ते पटत नाही. त्याच्या खर्चाचा जुना आकडा सांगतात तो ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ते सात आणे लिहिणारा कारकून कोण असेल, असे दर वेळी मनात येते.

शनिवारी अजिंठा. इथे खरा वाद झाला आणि तो पैशाचा होता. आधी खासगी गाडी ठरत होती. पण जानेवारीत सफाईवाल्या मित्राच्या रकान्यात टिंबे पडू लागली. एक, दोन, तीन, चार. कंत्राटदाराने पगार थकवला होता, हे आम्हाला दुसरीकडून कळले. चौथ्या रविवारी त्याची बायको ताईकडे येऊन हळूच म्हणाली, "या वेळेस पण आम्ही राहतो. तुम्ही जाऊन या." ताईने ते मला सांगितले. फिटर मोकळ्या मनाचा माणूस, लगेच म्हणाला, "त्यांचे पैसे मी घालतो, विषय संपला." मी म्हटले, विषय तिथेच सुरू होतो. तू पैसे घातलेस की तो तीन दिवस तुझ्या मागे मागे चालेल, तुझी बॅग उचलेल. त्याने ऐकले, पण त्याला राग आला. मला तो दिसला.

मग मी वही उलटी धरली. त्याला २,१०० मध्ये बसवण्यापेक्षा सहलच १,७०० ची करायची. चार टिंबांचे चारशे सगळ्यांचेच कमी. खासगी गाडी रद्द. एस. टी. ने जायचे. १७ मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एस. टी. चे अर्धे भाडे आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधी २०२२ पासूनच फुकट. आमच्यात सहा बायका, त्यातली एक ७७ वर्षांची. होय, तीच धुणे धुणारी आई. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये गेली, तिचे तिकीट पूर्ण. लॉजच्या पाच खोल्यांऐवजी दोन मोठ्या, एक बायकांची आणि एक पुरुषांची. फिटरला ए. सी. हवा होता. तो अजून कुरकुरतो आहे, कुरकुरू दे.

एस. टी. अजिंठ्याच्या टी-पॉइंटवर सोडते. तिथून लेण्यांपर्यंत चारेक किलोमीटर वेगळी बस आहे. तिकीट माणशी ४० रुपये, पंधरा वर्षांखालील मुलांना नाही. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात आणि मेच्या उन्हात दगड तव्यासारखा तापतो. प्रत्येकाने जाडे मोजे घ्यायचे आहेत, हे मी तीनदा सांगितले. वाघोरा नदी कोरडी असेल, फोटोतला धबधबा मिळणार नाही. पण सव्विसाव्या लेण्यात तथागतांचे महापरिनिर्वाण आहे, भिंतीच्या कडेने आडवी पहुडलेली सुमारे सात मीटरची मूर्ती. ते लेणे अगदी टोकाला. आईला तिथवर नेण्यासाठी डोलीचे पैसे सामाईक खर्चात धरले आहेत. ती म्हणते, "मी चालत जाईन." बघू.

स्वयंपाकाचा मुद्दा माझ्या पत्नीने काढला. गेल्या वेळी पुरुषांनी लेणी पाहिली आणि बायकांनी स्टोव्ह पाहिला. पहाटे उठून भाकऱ्या, दुपारी भांडी. या खेपेला स्टोव्ह न्यायचा नाही. घरून पहिल्या रात्रीच्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी, पुढे खानावळ. रिक्षावाल्याने विचारले, "आणि नान-खलिया?" औरंगाबादेत जाऊन तो न खाता यायचे हे त्याला मंजूर नाही. पौर्णिमा सोडून, शनिवारी रात्री.

रविवारी वेरूळ. चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध. त्यातले दहावे चैत्यगृह मुलांनी बघायलाच हवे. दगडातच कोरलेल्या लाकडासारख्या फासळ्या छताला आहेत, म्हणून त्याला सुताराची झोपडी म्हणतात. वाटेत दौलताबाद आहे. किल्ला चढायला मे महिना नाही, म्हणून मी तो यादीतून काढला होता. तेव्हा इतके दिवस गप्प बसलेला सफाईवाला मित्र बोलला. "भाऊ, चढू नका. पण दरवाजापाशी थांबायचं."

मला कळले. १९३४ साली बाबासाहेब चळवळीतल्या सहकाऱ्यांबरोबर सहलीलाच निघाले होते. तीसेक माणसे, नाशिकहून बसने, वेरूळची लेणी बघायची म्हणून. हैदराबाद संस्थानातून जायचे, वाटेत अपमान नको म्हणून आपण कोण हे सांगायचे नाही, जिथे मुक्काम तिथल्याच आपल्या लोकांना कळवायचे, असे त्यांनी ठरवून ठेवले होते. रमजानचा महिना होता. दौलताबादच्या दरवाजाबाहेर एक तळे होते, काठोकाठ भरलेले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी त्या पाण्याने तोंड-पाय धुतले. मागून ओरडा झाला, तळे बाटवले म्हणून. लोक जमले, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला बघू दिला तो एका अटीवर, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे.

मित्र म्हणाला, "माझ्या बापानं मला हे सांगितलं होतं. २०१८ ला तेवढ्यासाठीच यायचं होतं मला." कोणी काही बोलले नाही. फिटरने वही माझ्याकडून घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिले, 'रविवार, सकाळी सात, दौलताबाद दरवाजा, अर्धा तास.'

तिकिटे १ मार्चला काढली. आरक्षण आता साठ दिवस आधीच मिळते, नोव्हेंबर २०२४ पासून. रविवार होता, मी आणि रिक्षावाला पहाटेपासून खिडकीवर. एका फॉर्मवर सहाच नावे बसतात, म्हणून तीन फॉर्म. मुलाला वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडे पडते, त्यामुळे लहान दोघे आयांच्या कुशीत. आईला खालचा बर्थ मिळाला.

गेल्या रविवारी पंधरावा हप्ता झाला, सहा उरले. मित्राच्या रकान्यात अकरा खुणा आणि चार टिंबे आहेत. कंत्राटदाराने एका महिन्याचा पगार सोडला आहे. बाहेरच त्याची आई भेटली, हातात पिशवी. त्यात लोकरीचे मोज्यांचे दोन जोड होते, स्वतःचा आणि नातवाचा. मी म्हटले, "आई, अजून दीड महिना आहे." ती म्हणाली, "असू दे. मागच्या खेपेला मी आजारी होते."