पहाटेचा माईक

सोलापूर
श्रावण शुद्ध पंचमी

चि. मृण्मयीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोन केला असतास तर "हो" नाहीतर "नको" म्हणून मोकळी झाले असते. लिहिलंस ते बरं केलंस, कारण असल्या गोष्टींना फोनवरचं उत्तर पुरत नाही. विशारद पूर्ण झालं, चॅनेलच्या ऑडिशनला दुसऱ्या फेरीपर्यंत जाऊन आलीस, आता मुंबई गाठावी की सोलापुरातच काही जमवावं, असं विचारतेस. दादा म्हणतो बँकेच्या परीक्षा दे. त्याचं चूक नाही. बापानं तेच म्हणायचं असतं. वहिनी काहीच म्हणत नाही म्हणजे तिच्या मनात काय आहे ते मला कळलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मुंबई की सोलापूर हे नंतर बघू. तू कोणाच्या मागे बसणार आहेस, ते सांग. आपल्याकडचे जे आवाज लांबवर पोचले, ते आधी कोणाच्या तरी मागे बसूनच पोचले. तुझ्या पत्रात गुरूंचं नाव आहे, परीक्षेची श्रेणी आहे, यूट्यूबवर किती जणांनी बघितलं तेही आहे. मागे बसण्याची जागा मात्र कुठेच दिसली नाही.

प्रल्हाद शिंदे घे. शिंदे घराणं मूळचं आपल्या मंगळवेढ्याचं. प्रल्हाददादांचा आवाज आज आषाढीला प्रत्येक टपरीवर लागतो आणि चौदा एप्रिलला प्रत्येक मंडळात. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं एकाच गळ्यातून, आणि दोन्हीकडची माणसं त्यांना आपलंच म्हणतात. पण त्यांनी सुरुवात केली ती इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत, कोरसमध्ये. कोरसवाल्याचं काम काय? मुख्य गायकानं टाकलेली ओळ झेलायची, टाळी धरायची, आणि तो दम घेईल तेवढा वेळ मैफल खाली पडू द्यायची नाही. त्या कामात श्वास कुठे चोरायचा आणि समोरचा माणूस कुठल्या शब्दाला मान हलवतो, ते आपोआप कळतं. विशारदच्या तोंडी परीक्षेत हे कोणी विचारत नाही. प्रल्हाददादा २००४ साली गेले. पुढे मुलगे आनंद, मिलिंद, नातू आदर्श, अशी तिसरी पिढी गातेय. लोक म्हणतात रक्तात आहे. असेलही. मला वाटतं रक्तापेक्षा घरातच पार्टी होती, हे जास्त कामाला आलं.

अमर शेखांचंही तसंच. बार्शीचे मेहबूब पटेल. आईच्या ओव्या कानावर पडलेल्या, पोटासाठी गिरणीत काम, मग संप, मग तुरुंग. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या कंपनीत गेले, तिथे 'अमर शेख' हे नाव मिळालं. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, गवाणकर आणि ते, असं तिघांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्या तिघांनी एकमेकांना झील दिली. एकटा अमर शेख एवढा मोठा आवाज घेऊन बार्शीच्या गिरणीच्या दारातच गात राहिला असता की काय, कोण जाणे. फार मागे जायचं तर आपल्या सोलापूरचा राम जोशी. कीर्तनकाराच्या घरातला ब्राह्मण मुलगा धोंडी शाहिराच्या फडात जाऊन बसायला लागला, म्हणून भावानं घराबाहेर काढला. आज आपण त्याच्या नावानं अभिमान बाळगतो. तेव्हाच्या सोलापूरला लाज वाटली होती. तुझ्या बापाला तरी अजून तेवढी लाज वाटत नाही, हे नशीब समज.

आता माझं. मी ऑर्केस्ट्रात गायला लागले तेव्हा लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा वाजत होता. ऑर्केस्ट्रात माणसाला नाव नसायचं, आवाज असायचा: हा किशोरचा, ती लताची, मी आशाची. लताचा आवाज असलेल्या बाई होत्या तोवर मला मुख्य गाणं मिळायचं नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून त्यांच्या गाण्यातले "आ… आ…" भरायची. पण कार्यक्रम रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचे. दोन-अडीच वाजले की मोठ्या गायकांचे घसे बसायचे, पुढच्या खुर्च्या रिकाम्या व्हायच्या आणि उरायची ती खरी गाणंवेडी माणसं, सेकंड शिफ्ट सुटून आलेली. मग मॅनेजर मागे वळून म्हणायचा, "चल, तू म्हण." सगळं काही मी त्या वेळेत शिकले. चुकलं तरी ऐकणाऱ्याला राग नसायचा आणि जमलं तर फर्माईश यायची.

शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात कार्यक्रम असला की तेलुगू गाणं हवंच. मला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. पी. सुशीलांची गाणी मी देवनागरीत उतरवून घ्यायची. वही अजून आहे माझ्याकडे: शब्दांखाली श्वासाच्या तांबड्या खुणा, समासात अर्थ. अशोक चौकात विडी वळणाऱ्या एक आजी होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या स्टेजमागे आल्या, माझी हनुवटी धरली आणि एकच शब्द मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. नीट जमला तेव्हा सोडलं. सोलापुरात गाणाऱ्याला चार भाषांचे कान मिळतात: मार्कंडेयाच्या रथाला तेलुगू, बसवजयंतीला कानडी वचनं, उरुसाला उर्दू, आणि बाकी वर्षभर आपली मराठी. मुंबईत हे मिळत नाही असं नाही, पण तिथे ज्याची त्याची वेगळी गल्ली असते. इथे एकाच गायिकेला सगळ्या गल्ल्या फिराव्या लागतात, नाहीतर महिना भागत नाही.

मग ते ऑर्केस्ट्राचं जग गेलं कुठे? लोक म्हणतात टीव्हीनं खाल्लं. मला ते अर्धंच पटतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करणं भाग पडलं. गणपतीसारख्या सणांत मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, एरवी नाही. नियमाला माझा विरोध नाही, दवाखान्याशेजारी राहणाऱ्यांना विचार. पण त्या नियमानं पहाटेचा माईक गेला. कार्यक्रम तीन तासांचा झाला, तीन तासांत मोठ्यांचीच गाणी संपत नाहीत, मागच्या खुर्चीची पाळी येणार कधी? वर मिरवणुकीत डॉल्बी आला, स्टेजवर की-बोर्ड आला, मग की-बोर्डवालाही नको झाला आणि ट्रॅक आला. आता शहरात कराओकेचे कार्यक्रम होतात, त्यात गाणारा माणूसच गाण्यासाठी पैसे भरतो! हौसेला माझी हरकत नाही, निवृत्त माणसांचे चेहरे फुललेले बघून बरंच वाटतं. पण ज्याला गाण्यावर जेवायचंय त्याच्या पोटावर तो पाय आहे. आणि ट्रॅक काही तुझ्यासाठी थांबत नाही; तू चुकलीस तर तो पुढे निघून जातो. तबलजी मात्र सांभाळून घ्यायचा, आणि मग चहाच्या वेळी झापायचा.

टीव्हीचं म्हणशील तर कार्तिकी गायकवाड आठव, लिटिल चॅम्प्स जिंकलेली आळंदीची मुलगी. तिचे वडील कल्याणजी स्वतः गाणारे-शिकवणारे. पडद्यावर ती अचानक दिसली, पण तिचं बसणं आधी घरात झालं होतं.

सोलापुरात राहिलीस तर पोट कशावर भरेल, तेही सांगते, म्हणजे भ्रम नको. गांधर्व मंडळाच्या परीक्षांच्या शिकवण्या, शाळांची स्नेहसंमेलनं, हळदीचे कार्यक्रम, अक्कलकोटच्या वाटेवरची स्वामींची भजनं, आणि आकाशवाणीची ऑडिशन. आकाशवाणीत 'बी' श्रेणी मिळाली तरी पैसे बेताचेच, पण ती ऑडिशन दे. तिथे तुझा चेहरा कोणी बघत नाही. ऑर्केस्ट्रातल्या कित्येक मुलींचं गाणं लग्नानं संपलं, माझंही काही वर्षं थांबलं होतं. तुझ्या बाबतीत तो विषय निघेल तेव्हा मला कळव, मी येईन बोलायला. आणि एक. मोडनिंबच्या कला केंद्रांत बायका पिढ्यान् पिढ्या गळ्यावर घर चालवतायत. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई अशाच तमाशाच्या फडाच्या घरातल्या. आपण मध्यमवर्गीय लोक त्यांच्याकडे नाक मुरडतो आणि स्वतःच्या मुलीला "गाण्यात काय पैसा आहे" म्हणतो. पैसा आणि रियाज दोन्ही कसे सांभाळायचे, हे त्या बायका आपल्यापेक्षा जास्त जाणतात.

मुंबईला गेलीसच तर कुठल्याही कागदावर एकरकमी घेऊन सही करू नकोस. कॅसेटच्या काळात एकदा पैसे हातात पडले की विषय संपायचा. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गायकाला रॉयल्टीचा हक्क मिळाला, पुढच्या वर्षी गायकांची संघटनाही झाली. पण हक्क कागदावर असतो आणि रेकॉर्डिंगची घाई समोर असते. सही करायच्या आधी कागद मला वाचून दाखव.

आता कामाचं. माझ्या ओळखीचे एक बुवा आहेत, अभंगांचे कार्यक्रम करतात, कार्तिकी एकादशीपर्यंत त्यांच्या तारखा तालुक्यातालुक्यात लागल्या आहेत. मागे झील धरायला त्यांना मुलगी हवी आहे. मानधन ऐकून तू हसशील. प्रवास टेम्पोनं, जेवण जिथे मिळेल तिथे, आणि पहिले दोन-तीन महिने सोलो मिळणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलंय. बुवा कडक आहेत, उशीर चालत नाही. टाळ आपले आपण आणायचे. आईच्या देवघरातले पितळी चालतील, मात्र आवाज मिळतो का ते आधी बघ. रविवारी सकाळी दहाला त्यांच्याकडे जायचंय. साडेनऊला माझ्याकडे ये, पोहे करते.

तुझी,
आत्या

ता. क. — दादाला बँकेच्या फॉर्मबद्दल नाही म्हणू नकोस. फॉर्म भर, परीक्षा दे. बुवांच्या मागे बसणारा पखवाजवालाही जिल्हा परिषदेत नोकरीला आहे, आणि हात फार गोड आहे त्याचा.