कोळंबीचा रुसवा

आमच्या लहानपणी उत्तनमध्ये कोणालाही 'मूड' नव्हता. राग होता, कंटाळा होता, रुसवा होता, अंगात कणकण होती. आणि यांपैकी काहीच लागू पडत नसले तर दृष्ट होती, तिच्यावर मीठ-मिरच्यांचा उतारा ठरलेला असे. (फादरांना तो मान्य नव्हता, म्हणून तो रोझरी आटोपल्यावर, कंदिलाची वात बारीक करून होत असे.) आमचे वडील डोलीच्या होडीवर जात. डोल जाळ्यात मासळी शिरते ती पाण्याच्या ओढीने, त्यामुळे वडिलांची मर्जीही भरती-ओहोटीवर चालत असे. घरात त्यांच्याशी केव्हा बोलावे हे आई समुद्राकडे पाहून ठरवी. मूड नावाचा पाहुणा पुढे केव्हा घरात शिरला ते आम्हांस नेमके सांगता येणार नाही, पण शिरला तो कायमचाच. गेल्या वर्षी आमच्या घरात माणसे तीन आणि मूड सात-आठ होते.

अर्थशास्त्र आम्हांस कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९९१ साली जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत सरकारने रुपयाचे दोनदा अवमूल्यन केले, तेव्हा आम्ही फोर्टातील एका कचेरीत खर्डेघाशी करीत होतो. साहेब गंभीरपणे म्हणाले, "रुपया पडला." आम्ही सवयीने खिसा चाचपला. पुढे १५ सप्टेंबर २००८ रोजी, म्हणजे दुःखी मातेच्या सणादिवशी, न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही बडी पेढी बुडाली. हे बंधू आमच्या धर्मग्रामातले नव्हते, सबब आम्ही शोक केला नाही. परंतु पुढचा ईस्टर यायच्या आत दुबईत इमारती बांधणाऱ्या कंपनीतला आमचा चुलतभाऊ तीन बॅगा आणि एक टीव्ही घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा हे ब्रदर्स आपलेही कोणी लागत होते असे वाटून गेले.

तेव्हापासून आम्ही वर्तमानपत्रातील आर्थिक पान वाचू लागलो. त्यातून एक दिलासा मिळाला, तो असा की, मोठमोठ्या पंडितांनाही शेवटी मूडच पाहावा लागतो. केन्स नावाच्या इंग्रज पंडिताने १९३६ साली लिहून ठेवले की, माणसे पैसा गुंतवतात ती केवळ हिशेब करून नव्हे. अंगात एक उपजत उमेद असते, तिच्या जोरावर गुंतवतात. आपली रिझर्व्ह बँकसुद्धा शहरोशहरी माणसे पाठवून कुटुंबांना विचारते की, बाबांनो, पुढे बरे दिवस येतील असे वाटते का? आमच्याकडे अजून कोणी आले नाही. आले तर आमच्या सौभाग्यवती त्यांना सुक्या बोंबलांचा भाव सांगतील. लंडनचे 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक १९८६ पासून देशोदेशींच्या चलनाची किंमत एका अमेरिकन बर्गरच्या भावावरून मोजते. भारतात गोमांसाची अडचण, म्हणून इथे कोंबडीच्या महाराजा बर्गरवर भागवते. आम्ही म्हणतो, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? उत्तनच्या वलांडीवर बोंबील किती वाळत आहेत आणि खाली उभ्या असलेल्या बाईचा चेहरा कसा आहे, एवढे पाहिले तरी पुरे.

तर आता मूळ गोष्ट. आमचे चिरंजीव नवी मुंबईतील एका मत्स्यनिर्यात कंपनीत कागदपत्रे सांभाळत. पहाटे उत्तनहून बस, डोंगरी, मोरवा, राई, मुर्धा करीत भाईंदर स्थानक, तेथून गाड्या बदलत नवी मुंबई. संध्याकाळी हाच नकाशा उलटा. गेल्या मे महिन्यात वसईच्या एका मुलीशी त्यांचा साखरपुडा झाला. मुलगी परिचारिका. लग्न जानेवारीत ठरले आणि आम्ही, स्वभावाला औषध नसल्यामुळे, साखरपुड्यातच सातशे माणसांना तोंडी आमंत्रण देऊन मोकळे झालो.

ऑगस्ट सरता सरता चिरंजीवांनी एका रात्री बोंबलाच्या कालवणाचे ताट पुढे सरकवले आणि म्हणाले, "मूड नाही."

ज्या घरात बोंबलाला नाही म्हणतात, त्या घरात काहीतरी मोठे घडले आहे हे सांगायला केन्स लागत नाही. सौ.चे निदान तत्काळ झाले, "पोरीशी भांडलाय." आम्हीही त्याच मताचे झालो. (पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मतभेदाला योग्य विषय कोणते, हे आम्हांस कळले आहे.) पुरावेही मिळत गेले. फोन वाजला की चिरंजीव गच्चीवर जात. पूर्वी दोन माणसांचे बिनसले तर ती एकमेकांकडे पाठ करून बसत, आणि पाहणाऱ्याला कळत असे. आता दोघेही फोनकडे तोंड करून बसतात. भांडण आहे की प्रेम, हे त्या दोन निळ्या खुणा जाणोत. एकदा आम्ही गच्चीवर पापड वाळले का ते पाहायला गेलो. रात्रीचे साडेनऊ झाले होते, पण ते असो. कानावर तुटक वाक्ये पडली, "आपण कमी करू या ना... नाही, डॅडींना मी नाही सांगू शकत... तू म्हणशील तर मग जूनपर्यंत थांबू." आम्ही पापड तसेच टाकून खाली आलो.

३० ऑगस्टला वेलंकनी मातेचा नोव्हेना सुरू झाला. सौ. नऊही दिवस तीर्थमंदिरात गेल्या आणि आठ सप्टेंबरच्या सणाला दोन हात लांबीची मेणबत्ती लावून आल्या. मागणे एकच होते, पोरांचे भांडण मिटू दे. आम्ही आमच्या परीने चिरंजीवांना समोर बसवून प्रेम, त्याग आणि संयम या विषयांवर सुमारे पाऊण तास बोललो. त्यांनी शांतपणे ऐकले व विचारले, "डॅडी, झालं?"

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या आळीतील मासळीवाल्या मावशी भेटल्या. त्या भाईंदरला पूर्वेकडे टोपली घेऊन बसतात. म्हणाल्या, "दादा, पोरगा रजेवर आहे काय? रोज दुपारी जेसल पार्कला खाडीवर बसलेला दिसतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही सौ.ना 'पेन्शनीच्या कामाला जातो' असे सांगून निघालो. जेसल पार्कच्या कठड्यावर चिरंजीव बसले होते. समोर खाडी, पुलावरून विरारकडे धडधडत जाणारी लोकल आणि मांडीवर डबा. आम्हांस पाहून ते उठले.

"डॅडी, तुम्ही इथे कसे?"

"हवा खायला."

"उत्तनला समुद्र असताना?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही शेजारी बसलो. मग हळूहळू सारे बाहेर आले आणि आर्थिक पानावर आम्ही सुटे सुटे वाचलेले तुकडे एकाएकी एका माळेत ओवले गेले. आपल्याकडून अमेरिकेला जी कोळंबी जाते ती बहुतांशी वेनामी. ही मुळात मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या किनाऱ्याची लेक. २००९ साली आपल्याकडे तिच्या शेतीला परवानगी मिळाली आणि ती आंध्रात नांदायला आली. तिथे तळ्यात वाढायचे, सोलून घ्यायचे, बर्फात बसायचे आणि प्रशांत महासागराच्या त्याच बाजूला अमेरिकेत माहेरपणाला जायचे, असा तिचा शिरस्ता. २०२२ साली रशियाने युक्रेनवर चाल केली. रशियाचे तेल स्वस्तात मिळू लागले, आपल्या देशाने ते घेतले, आणि ते अमेरिकेच्या अध्यक्षांना रुचले नाही. ७ ऑगस्ट २०२५ पासून त्यांनी भारतीय मालावर २५ टक्के जादा कर बसवलाच होता. २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के चढवले. शिवाय कोळंबीवर आधीचे कर होतेच. इक्वेडोरच्या कोळंबीला मात्र १५ टक्क्यांत प्रवेश. खरेदीदारांनी मागण्या थांबवल्या, कंपनीने निम्मी कचेरी घरी बसवली, आणि युक्रेनमधल्या लढाईची गोळी फिरत फिरत आमच्या कालवणाच्या ताटाला लागली.

"म्हणजे तुमचं भांडण नाही?" आम्ही विचारले.

"भांडण? तिला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं मी."

"मग मम्मीचा नोव्हेना?"

चिरंजीव आमच्याकडे पाहतच राहिले आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले. इतके हसले की शेजारच्या बाकावरील युगुल उठून गेले.

कमी करायचे होते ते प्रेम नव्हे, पाहुणे. विवाहपूर्व शिबिरात या दोघांना पगार, कर्ज, आईवडिलांचा खर्च यांविषयी एकमेकांशी मोकळेपणी बोलायला सांगितले होते. (आमच्या वेळी फादरांनी फक्त 'भांडू नका' एवढेच सांगितले होते.) मुलीने त्याच वहीत नवा हिशेब मांडला होता. बँड रद्द, हॉल लहान, दागिने तिच्या आईचेच. आणि पुढे एक ओळ होती, 'डॅडींचे ७००?' हे प्रश्नचिन्ह ओलांडायची चिरंजीवांची हिंमत होत नव्हती. नोकरी गेल्याचे दुःख होतेच, पण बापाने गावभर दिलेला शब्द आपल्यामुळे खाली पडणार, हे त्यांना त्याहून जड जात होते. आम्ही खाडीकडे पाहत राहिलो. आमचा तोंडाळपणा एवढा महाग पडत असेल याची आम्हांस कल्पना नव्हती.

मग आम्ही विचारले, "डबा रोज संपवतोस ना? घरी तसाच नेलास तर पकडला जाशील."

त्यांनी चमकून पाहिले. वाचकहो, हा प्रश्न ज्याने ते केले आहे त्यालाच सुचतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही एका गिरणीच्या कचेरीत कारकून होतो. लग्नाला वर्ष झाले होते. काही आठवड्यांनी आम्हां कारकुनांनाही घरी जायला सांगितले. आम्ही गेलो नाही. चार महिने रोजची गाडी पकडून चर्चगेटला उतरलो आणि ओव्हल मैदानावर क्रिकेट पाहिले. डबा दुपारी एकला, पगार सोन्याच्या दोन बांगड्यांतून. त्या बांगड्या आईच्या. 'गाडीत चोरीला गेल्या' असे आम्ही घरी सांगितले आणि आई मरेपर्यंत ते तसेच राहिले. खाडीच्या कठड्यावर हे आम्ही प्रथमच कोणाला सांगितले. चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी डब्यातला उरलेला बोंबलाचा तुकडा आमच्यापुढे केला. (हे आता छापून आले तरी घरी कळण्याची भीती नाही. आमच्या सौभाग्यवती हे त्रैमासिक पानन् पान वाचतात, फक्त आमचे लेख सोडून.)

संध्याकाळी दोघांनी मिळून सौ.ना सांगितले. त्या रडतील अशी आमची अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी नऊ दिवस भलतंच मागितलं?" मग थोडे थांबून, "पण दिलं तर मातेनं तेच. भांडण नाही ना?" त्यानंतर त्यांनी पाहुण्यांची यादी मागवली, चष्मा लावला आणि पहिल्या दहा मिनिटांत आमच्या बाजूची दोनशे माणसे खोडली. त्यांच्या माहेरची अकरा गेली.

राहिलेल्यांकडे आम्हीच एकेक करून जाऊन आलो. हात जोडून सांगितले, मुलाची नोकरी गेली आहे, लग्न लहान करतो आहोत, राग मानू नये. पहिल्या दोन घरांत जीभ जड झाली. तिसऱ्या घरी यजमान म्हणाले, "अहो, आमचाही डिसेंबरपासून घरीच आहे, फक्त बोललो नव्हतो." त्या घरी आम्ही दोन तास बसलो.

नोव्हेंबरात चिरंजीवांना एका शीतगृहाच्या कचेरीत काम मिळाले. पगार पूर्वीच्या दोनतृतीयांश. जानेवारीत लग्न झाले, माणसे दोनशे साठ. ताटात कोळंबी होती. परदेशी सोयरिकीची नव्हे, आपल्या वसईच्या खाडीतली.

डिसेंबरात डॉलरने नव्वद रुपये ओलांडले होते, त्याची धास्ती आम्हांस अजून आहे. परवा सकाळी आम्ही आर्थिक पान उघडून बसलो असता सूनबाई रात्रपाळीवर जाऊन आल्या. आमचा चेहरा पाहून म्हणाल्या, "डॅडी, आज मूड कसा आहे?"

आम्ही म्हटले, "थांब, मासळीवाल्या मावशी येऊ देत. बोंबलाचा भाव कळला की सांगतो."