चला पुण्याला, पण चावी कोणाकडे?

क्राफ्ट बिअरची गंमत बाटलीत नाही, ती बनते तिथेच जाऊन प्यायची असते. म्हणून आम्ही पाचजण शनिवारी सकाळीच मुंबईहून सुटलो. 2009 मध्ये दूलालीने पुण्यात श्रीगणेशा केला, तेव्हापासून हे शहर बिअरवेड्यांची पंढरीच!

मुंढव्याच्या इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनीत गेलात तर आधी सॅम्पलर मागवा. छोट्या ग्लासांतून सगळ्याची चव घ्या, मग ठरवा. जर्मन स्टाइल गव्हाच्या बिअरला केळं-लवंगेचा वास येतो. त्यात मसाला-बिसाला काही नसतो हं, ती सगळी यीस्टची करामत. गढूळ दिसते कारण गाळलेली नसते. बिचकू नका!

पण बॉस, परत कोण आणणार? कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. 2019 पासून पहिल्याच गुन्ह्याला 10 हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘एकच ग्लास रे’ म्हणणाऱ्याला तर चावी अजिबात द्यायची नाही. आम्ही निघतानाच चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ज्याचं नाव आलं त्याने दिवस फ्रेश लाइम सोड्यावर काढला, जेवण आमच्याकडून. शिवाय परतीची गाणी त्याच्या पसंतीची. खालापूरचा टोल येईपर्यंत नुसता किशोरकुमार!