मधलं चेंबर

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, सूत्रं नकोत, वाचक पान उलटतो. मी बरं म्हटलं. पण तीस वर्षं ड्रेनेजच्या लायनी टाकून पोट भरलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं सूत्र असून असून एकच, आणि तेही दहावीच्या निर्देशक भूमितीतलं: दोन बिंदूंच्या उंचीतला फरक भागिले त्यांच्या आडव्या अंतरातला फरक. पुस्तकात त्याला रेषेचा चढ म्हणतात. गवंडी ढाळ म्हणतो. सोसायटीचे सेक्रेटरी ‘जरा उतार द्या’ म्हणतात आणि हाताने हवेत घसरगुंडी काढून दाखवतात.

गेल्या पावसाळ्याआधी एका जुन्या सोसायटीत बोलावलं होतं. तळमजल्याच्या संडासात पाणी उलटं येत होतं. सहा इंची लाइन, पहिलं चेंबर जिन्याजवळ, शेवटचं फाटकाशी, मध्ये तीस मीटर. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी बघायची दुर्बीण, लावली, पोऱ्याला स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, घेऊन उभं केलं. पहिल्या चेंबरात पाइपाच्या तळाशी वाचन 1.240, शेवटच्यात 1.740. इथे नवखे इंजिनिअरही हमखास फसतात. स्टाफवरचा आकडा वाढला म्हणजे जागा खाली गेली. दुर्बिणीची पातळी 100 मीटर धरली, तर पहिला तळ 98.760 आणि दुसरा 98.260. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उणे अर्धा मीटर, भागिले तीस: उणे एक छेद साठ. वजाबाकी कुठूनही सुरू करा, पण वर ज्या बिंदूपासून केली त्याच बिंदूपासून खालीही करा. नाहीतर उणेचं अधिक होतं आणि कागदावर मैला डोंगर चढतो.

साठास एक. आमचा जुना ठोकताळा सांगतो, पाइप जितके इंच त्याच्या दहापटीत एक. चार इंचीला चाळीस, सहा इंचीला साठ. म्हणजे अगदी बरोबर. तसा अहवाल दिला, कुठेतरी चोंदलं असेल, जेटिंग करून घ्या म्हटलं, आणि फी घेतली.

कमिटीतले एक काका मात्र अडून बसले. “साठ कशाला? शंभरास एक करा की, चांगला उतार मिळेल!” हे मी आयुष्यभर ऐकत आलोय. बाबांनो, शंभरास एक म्हणजे शंभर मीटर गेल्यावर एक मीटर उतरणं. आकडा मोठा तितका उतार मंद. भोर घाटात रेल्वे 1863 साली सुरू झाली तेव्हाचा सर्वांत कडक चढ सदतीसास एक, म्हणून गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. कोकण रेल्वे आखताना कमाल चढ दीडशेस एक धरला, त्यापायी बोगदे आणि पूल किती करावे लागले ते सगळे जाणतात. टक्क्यांत बोलायला गेलं तर आणखी घोळ. शंभर टक्के चढ म्हणजे भिंत, असं सुशिक्षित माणसंसुद्धा छातीठोक सांगतात. शंभर टक्के म्हणजे जितकं पुढे तितकं वर, फक्त पंचेचाळीस अंश. भिंतीचा चढ काढताच येत नाही. आडवं अंतर शून्य, भागणार कशाने? हे सांगता सांगता त्या काकांचा चहा गार झाला आणि माझाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. पाणी परत उलटलं.

या वेळी वॉचमन म्हणाला, “साहेब, मध्ये पण एक झाकण होतं, ब्लॉक बसवताना दाबलं.” पेव्हर ब्लॉक उचकटले. पहिल्यापासून अठरा मीटरवर चेंबर निघालं, काठोकाठ भरलेलं. पंप लावून उपसलं, स्टाफ उतरवला. तिथे 1.540 यायला हवं होतं. आलं 1.790. पंचवीस सेंटिमीटर खाली! खाली कधीकाळी बुजवलेली विहीर होती, तिचा भराव बसला आणि चेंबर घेऊन गेला. म्हणजे पहिले अठरा मीटर लाइन धावत उतरते आणि पुढचे बारा मीटर पाच सेंटिमीटर चढते. माझा साठास एक हिशेबाने चोख होता, पण तो त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा होता. जमिनीत तशी रेषा उरलीच नव्हती. कर्जत आणि लोणावळा हे दोनच बिंदू घेऊन भागाकार केला तर सदतीस कुठेच दिसणार नाही, हे मी शिकाऊ पोरांना दरवर्षी सांगतो. स्वतःच्या साइटवर मात्र विसरलो.

दुसऱ्या खेपेची फी घेतली नाही. काकांनी काही विचारलं नाही, याचंच जास्त लागलं.

दिवाळीच्या तोंडावर अंगणात ब्लॉक बसवायचं काम बऱ्याच सोसायट्यांत निघतं. तुमच्याकडे निघालं असेल तर कॉन्ट्रॅक्टरला एवढं सांगा, मधल्या चेंबरचं झाकण ब्लॉकच्या पातळीला आणून उघडं ठेव.