आभाळाच्या पाण्यावर जगणारे

सिन्नर तालुक्याच्या पावसाने सरळ दोन वाटण्या केल्या आहेत. पश्चिमेच्या डोंगरात तो कोसळतो आणि वावी-पांगरीकडे येईस्तोवर त्याचा हात आखडतो. म्हणूनच या पूर्व भागात मृगाच्या तोंडावर बाभळीवरून चातकाची हाक आली की माणसं मान वर करतात. काळी पाठ, पांढरं पोट, डोक्यावर शेंडी. नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येणारा हा देखणा पाहुणा सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो आणि पाऊस सरला की निघून जातो. कालिदासाच्या ‘मेघदूता’तही त्याला जागा मिळाली. तो फक्त पावसाचा थेंब पितो, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. खरं तर त्याची बरीचशी तहान केसाळ सुरवंटांवरच भागते.

आभाळाच्या पाण्यावर खरोखर जगणारा जीव मला जुन्या विहिरीच्या थारोळ्यापाशी भेटतो. दोन-चार सरी झाल्या की तिथल्या ओल्या मातीवर रुपयाएवढी हिरवी चकती उमटते. गुडघे टेकून पाहावं. दोन-दोन फाटे फुटत गेलेल्या मांसल पट्ट्या, प्रत्येकीच्या मधोमध बारीक खाच. ही रिक्सिया, यकृतका गटातली वनस्पती. तिला खरं मूळ नाही, फूल नाही. अंगावर पडेल ते पाणी ती अंगानेच पिते. तिच्या नराच्या पेशी मादीपर्यंत पोचतात त्याही पाण्यातून पोहत. पाण्याचा पातळ पापुद्रा नसेल तर वंशच थांबला. बीजाणू तिच्या पोटातच पिकतात आणि ती कुजून मातीला मिळाली की मोकळे होतात. मग दिवाळीपासून मृगापर्यंत, टँकरच्या रांगा लागतात त्या दिवसांतही, ते त्याच धुळीत पडून असतात. यकृतकांसारख्या वनस्पतींचे सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वीचे बीजाणू दगडांत सापडले आहेत. तेव्हा जगात एकही पक्षी नव्हता.

चातकावर माझं प्रेम आहे. पण तो पावसामागून फिरतो. त्याला पंख आहेत. जागा न सोडता पावसाची वाट पाहणं हे या तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं जिणं आहे, आणि ते रिक्सियाशी जुळतं. तहानेचा मान मी तिलाच देईन.

विहिरीची डागडुजी काढाल तेव्हा थारोळ्याभोवतीची हातभर माती सिमेंटखाली घालू नका. तेवढी जागा तिला पुरते.