मेट्रोपोलिस, भिलाईतून

भिलाईला पोस्टिंग आल्यापासून 'मेट्रोपोलिस' दोनदा पाहिला. फ्रिट्झ लांगचा 1927 चा हा मूकपट थेआ फॉन हार्बूच्या कादंबरीवर आहे, पटकथाही तिचीच. लांगपासून घटस्फोट झाल्यावर तिने बेळगावजवळच्या बेळगुंदीचे पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी लग्न केलं. ती नाझी पक्षाची सभासदही होती.

सिनेमात वर मालकांची उंच नगरी आणि खाली, जमिनीच्या पोटात, कामगारांची वस्ती. शिफ्ट बदलते तेव्हा दोन रांगा शेजारून जातात. आत जाणारी एका तालात, बाहेर येणारी त्याहून संथ, सगळ्यांच्या माना खाली. एनडीएत तीन वर्षं ड्रिल केलेल्या माणसाला हे दृश्य जरा जास्तच लागतं. आम्हालाही एका तालात चालवलं, पण मान ताठ ठेवून.

पुढे हेच कामगार चिथावणीने मुख्य यंत्र फोडतात आणि त्यांचीच वस्ती पाण्याखाली जाते. शेवटी मालकाचा मुलगा बापाचा हात फोरमनच्या हातात देतो, की मिटलं भांडण! लांगलाही पुढे हा शेवट परीकथाच वाटला.

मला खटकतं ते वेगळं. या सिनेमाला कामगार दोनच रूपांत दिसतो: रांग किंवा जमाव. खरं सांगायचं तर गणवेशातल्या माणसालाही तशीच सवय लागते. मुलकी प्रशासनाच्या मदतीला जायचे धडे आम्ही गिरवतो, तेव्हा जमाव केवढा, म्होरके कोण, हे आधी डोक्यात येतं. त्यांचं म्हणणं काय, हे फार उशिरा.

इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली, सोव्हिएत मदतीने सुरू झाली. कायम कामगाराला क्वार्टर, शाळा, दवाखाना मिळाला. लोहखनिज मात्र दल्ली राजहराच्या खाणीतून यायचं, आणि तिथे कंत्राटी मजूर हाताने दगड फोडायचे. वरची नगरी, खालची नगरी. 1977 साली या मजुरांची संघटना उभी राहिली, नेते शंकर गुहा नियोगी. यंत्रं येऊन काम जाणार असं दिसल्यावर त्यांनी यंत्र फोडलं नाही. अर्ध्या यांत्रिकीकरणाची स्वतःची योजना पुढे ठेवली. 1983 साली वर्गणी आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभारलं. नाव 1977 च्या पोलीस गोळीबारात गेलेल्यांवरून.

सिनेमात असा कामगार एकही नाही.

नियोगी नंतर भिलाईच्या खाजगी कारखान्यांतल्या कामगारांसाठी उभे राहिले. 28 सप्टेंबर 1991 रोजी झोपेत त्यांना गोळी घातली गेली. 1 जुलै 1992 ला कामगार पॉवर हाउस स्टेशनाजवळ रुळांवर बसले आणि पोलिसांनी गोळीबार केला. मागणी एवढीच होती: काढलेल्यांना कामावर परत घ्या, आणि जगता येईल इतकी मजुरी द्या.