हात आणि पाटी

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात, पाबळ हे गाव आहे. मस्तानीची कबर येथे असल्यामुळे इतिहासाची आवड असणारे लोक अधूनमधून वाट वाकडी करून येतात, कबरीपुढे क्षणभर उभे राहतात आणि परततात. त्यांच्यापैकी फार थोड्यांचे पाऊल गावाजवळच्या त्या माळाकडे वळते, जिथे काही घुमटाकार घरे उभी आहेत. ही घरे म्हणजे एक शाळा आहे, आणि दुसऱ्या शाळांनी ज्यांच्यावर फुली मारली अशा अनेक मुलांना तिने आजवर आपल्या दारात घेतले आहे.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली येथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेला, मुंबईत हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर काम केलेला हा शास्त्रज्ञ शहरातील स्थिर आयुष्य सोडून एका दुष्काळी गावात आला, तेव्हा त्याच्या मनात एक साधा प्रश्न होता. खेड्यातील मूल नांगराचा फाळ, विहिरीची मोट आणि आजारी वासरू यांच्या संगतीत वाढते; या सगळ्यांत विज्ञान भरलेले आहे; मग तेच मूल शाळेत विज्ञानाच्या तासाला जांभया का देते? २००३ साली कलबागांचे निधन झाले. त्यांचा प्रश्न आणि तो सोडवण्याची त्यांची रीत मात्र आश्रमात टिकून राहिली.

या आश्रमात येणाऱ्या मुलाची कल्पना करणे कठीण नाही. वय पंधरा-सोळा. नववीत किंवा दहावीत कुठेतरी शाळा सुटलेली. तो मठ्ठ आहे असे गुरुजी म्हणतात, उनाड आहे असे वडील म्हणतात आणि दोन्ही विशेषणे ऐकून ऐकून त्याला स्वतःलाही ती खरी वाटू लागलेली असतात. शाळेत असताना तो शेवटच्या बाकावर बसे. फळ्यावर लिहिलेले वहीत उतरवी, पण त्यातले काही त्याच्या दिवसाला लागू पडत नसे. हाच मुलगा घरी विहिरीवरची मोटार बंद पडली की तारा जोडून ती चालू करी, म्हैस अडली की रात्रभर गोठ्यात जागे. या कर्तबगारीची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नसे. हळूहळू तो शाळेला दांडी मारू लागला, आणि मग एके दिवशी जाणेच थांबले. शासनदरबारी याला गळती म्हणतात. शब्द मोठा चमत्कारिक आहे. घागर गळते तेव्हा दोष घागरीचा धरला जातो. मुले गळतात तेव्हा तो मुलांचा मानला जातो.

आश्रमात त्याला प्रथम काय मिळते, तर काम. एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम चार विभागांत वाटलेला आहे : अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. यांतला एक निवडून उरलेले सोडण्याची मुभा नाही. प्रत्येकाने चारही विभागांतून गेले पाहिजे. जो वेल्डिंग करतो तोच कलम बांधतो. जो विजेची जोडणी शिकतो तोच रक्तातील हिमोग्लोबिन तपासायला आणि पाव भाजायला शिकतो. मुलगा आणि मुलगी असा भेद या वाटणीत नाही.

एक उदाहरण पुरेसे आहे. जनावराला औषध द्यायचे तर त्याचे वजन कळले पाहिजे, आणि गावात गाय तोलण्याचा काटा नसतो. तेव्हा मुलाच्या हातात मापपट्टी दिली जाते. गाईच्या छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, शरीराच्या लांबीने गुणायचे आणि ६६० ने भागायचे, की वजन सुमारे किती किलो ते कळते. घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच असेल, तर गाय साधारण २७३ किलोंची. बीजगणितात नापास झालेल्या मुलाला वर्ग म्हणजे काय ते या क्षणी समजते, कारण मापात चूक झाली तर औषधाचा डोस चुकेल आणि समोरची गाय ही कुणाची तरी खरी गाय आहे. मग त्याच्या मनात पुढचा प्रश्न येतो : घेराचाच वर्ग का, लांबीचा का नाही? येथे शिक्षकाचे काम सुरू होते. पिंपाचा आकार, त्याचा घेर, त्यात मावणारे पाणी अशा पायऱ्यांनी मूल भूमितीपर्यंत पोहोचते. पाठ्यपुस्तकाने जी वाट उलट्या दिशेने दाखवली होती, तिच्यावर ते आता आपल्या पायांनी चालत आलेले असते.

भूगर्भातील पाण्याचा शोध हे कलबागांच्या शिकवण्याचे असेच एक अंग. जमिनीत ठरावीक अंतरावर सळया रोवायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि जमिनीचा विद्युतरोध मोजून खाली पाणी असण्याचा अंदाज बांधायचा. शाळा सोडलेल्या तरुणांना त्यांनी हे तंत्र शिकवले. दुष्काळी गावात पाणी सांगणाऱ्याला मान असतो. जो मान पूर्वी नारळ हातात धरून फिरणाऱ्या पाणाड्याला मिळे, तो ओहमचा नियम जाणणाऱ्या पोराला मिळू लागला, तर विज्ञानाविषयी गावाला वेगळे व्याख्यान देण्याची गरज राहत नाही.

या शिक्षणाचे दुसरे मूल्य हिशेबाचे आहे. मुले जे बनवतात ते शक्यतो गावाच्या उपयोगाचे असावे आणि त्याचा मोबदला घेतला जावा, असा कलबागांचा आग्रह होता. फाटक बनवले तर लोखंड किती लागले, वीज किती जळली, मजुरीचे तास किती, अवजारांचा घसारा किती, हे सारे लिहून किंमत काढायची. पैसे देणारा माणूस गुण देणाऱ्या परीक्षकासारखा उदार नसतो. शंभरांत पस्तीस गुण मिळवून मूल उत्तीर्ण होते, पण शंभरांत पस्तीस सांधे पक्के असलेले फाटक कोणी घरी नेत नाही. असे असूनही या कठोरपणात अपमान नसतो. भिंत ओळंब्यात नसेल तर ओळंबा ते दाखवतो. मुलाच्या घराण्याविषयी, बुद्धीविषयी किंवा भविष्याविषयी तो काही बोलत नाही. वीट काढायची, पुन्हा लावायची. वर्षानुवर्षे चुकीला शिक्षा मिळालेल्या मुलाला चूक दुरुस्त करता येते हा अनुभव नवा असतो आणि बहुधा त्याच्यातला पहिला बदल येथूनच सुरू होतो.

तरीही या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. गरिबांच्या मुलांना हातोडा आणि श्रीमंतांच्या मुलांना पुस्तक, ही जुनीच वाटणी नव्या नावाने चालवली जात आहे काय? ज्या समाजात बलुतेदारांनी शतकानुशतके हातांनी काम केले आणि पाटी-पुस्तक दुसऱ्यांच्या ओसरीवर राहिले, तेथे हस्तकौशल्याचा गौरव ऐकून बहुजनांचा मनुष्य सावध झाला तर त्याला दोष देता येत नाही. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हापासून ही शंका तिच्या मागे आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरच्या धंद्याचे शिक्षण अशी योजना आणली. ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, असे म्हणून लोकांनी तिला कडाडून विरोध केला आणि पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा आणि कुंभाराच्या मुलाने चाकच हाती धरावे, हे शाळेने शिकवायचे असेल तर शाळा कशाला हवी, हा त्या विरोधामागचा प्रश्न योग्यच होता.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर शोधताना १८८२ सालाकडे पाहता येते. हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळेत वाचन, लेखन आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडेही मागितले होते. शूद्रातिशूद्रांच्या अक्षरहक्कासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाला पुस्तक आणि शेत यांच्यात वैर दिसले नाही. वैर त्या व्यवस्थेशी होते, जी कोणी काय शिकायचे ते जन्मावरून ठरवते.

पाबळच्या चार विभागांच्या सक्तीचा अर्थ येथे उलगडतो. लोहाराचा मुलगा लोहारकामच शिकत नाही. तो रक्ताची चाचणी करतो. बागायतदाराच्या मुलाच्या हातालाही कानशीने घट्टे पडतात. प्रत्येकाने सगळे काम करायचे म्हटले की कोणतेही काम कोणाच्याही जातीचे राहत नाही. धंद्याला जन्मापासून सोडवून ज्ञानाशी बांधणे, ही या शाळेची खरी भूमिका आहे. २००२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने येथे फॅब लॅब सुरू झाली. संगणकावर आखलेली वस्तू यंत्राने घडवणारी ही प्रयोगशाळा एका दुष्काळी गावात आली, कारण नवे तंत्र वापरण्याचा अधिकार शहराचा आणि जुने जपण्याची जबाबदारी खेड्याची, ही विभागणी आश्रमाला मान्य नव्हती.

मात्र एवढ्याने आक्षेप संपत नाही. समाजाची नजर एका वर्षाच्या अभ्यासक्रमाने बदलत नाही. आजही बाप मुलाला म्हणतो, ‘बाबा रे, आमच्यासारखे हात काळे करू नकोस’, आणि त्या वाक्यात मागच्या कितीतरी पिढ्यांचे दुःख साठलेले असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची शिफारस केली, त्या काळात त्यांनी स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे सुचवले. दहा दिवसांनी हाताला सफाई येत नाही. फार तर कुतूहल जागे होते. आश्रमाच्या प्रेरणेने काही माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस मूलभूत तंत्रज्ञान शिकवले जाते. तो मार्ग अधिक खरा आहे, कारण तेथे पहिल्या बाकावरचा आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा एकाच ऐरणीपाशी उभे राहतात. हाताचे शिक्षण जोवर फक्त नापासांच्या वाट्याला येईल, तोवर ते कितीही चांगले असले तरी सांत्वनच राहील. हुशार मानलेल्या मुलाच्या आईवडिलांनाही ते आपल्या मुलासाठी हवेसे वाटेल, त्या दिवशी त्याला शिक्षणाचा मान मिळेल.

तोवर पाबळच्या माळावर वर्षामागून वर्षे नवी मुले येत राहतात. पहिल्या दिवशी नाव विचारले तर ती मान खाली घालून सांगतात. काही महिन्यांनी त्यांच्यातलाच एखादा कुणाच्या तरी गोठ्यात उभा असतो. गाईच्या छातीभोवती पट्टी धरून तो आकडा मोठ्याने वाचतो आणि गोठ्याचा मालक, ज्याचे वय त्याच्या आजोबांएवढे, तो आकडा ऐकण्यासाठी थांबून राहिलेला असतो.